आवडत्या कथेविषयी लिहिताना : आशयसूत्र आणि पात्र

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :
१. कथेचे कथानक सांगणे आणि कथेविषयी चिंतन लिहिणे यांतील फरक स्पष्ट करता येईल.
२. विषय, तात्पर्य आणि आशयसूत्र या तीन संज्ञा वेगळ्या करून वापरता येतील.
३. पात्राच्या भाषेच्या आधारे पात्राविषयी विधान करता येईल.
४. स्वतःच्या अनुभवाचा वाचनासाठी कितपत आधार घ्यावा, याचा विवेक करता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, यापूर्वीच्या घटकांत आपण कथानक, पात्रचित्रण, वातावरण, निवेदनपद्धती आणि भाषाशैली या संज्ञांचा परिचय करून घेतला. संज्ञा पाठ होतात. पण त्या हाती घेऊन एखाद्या कथेविषयी स्वतः लिहायला बसले की पेन अडते. 'तुम्हाला आवडलेल्या कथेतील आशयसूत्र आणि पात्रे यांविषयी तुमचे चिंतन लिहा', हा प्रश्न म्हणूनच दिसतो तितका सोपा नाही.

अशा प्रश्नाची उत्तरे तपासताना दोन प्रकार वारंवार आढळतात. पहिल्या प्रकारात विद्यार्थी संपूर्ण गोष्ट पुन्हा सांगतो आणि शेवटी 'म्हणून ही कथा मला आवडली' असे लिहून थांबतो. दुसऱ्या प्रकारात गोष्ट थोडी आणि विशेषणे फार असतात : हृदयस्पर्शी कथा, विदारक वास्तव, जिवंत पात्रे, ओघवती भाषा. या वाक्यांची एक साधी परीक्षा घेऊन पाहा. उत्तरातले कथेचे आणि लेखकाचे नाव बोटाने झाका. उरलेले वाक्य दुसऱ्या दहा कथांना तसेच लागू पडत असेल, तर ते वाक्य या कथेविषयी काहीच सांगत नाही.

अशी वाक्ये विद्यार्थी का लिहितात? आळस हे त्याचे खरे कारण नसते. 'मला जे वाटले ते उत्तरात लिहिण्याच्या योग्यतेचे नाही' असा एक समज त्यामागे असतो. शिक्षणात मध्ये खंड पडलेल्या, शेती किंवा नोकरी सांभाळून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांत हा समज अधिक खोल रुजलेला दिसतो. तो दूर करणे, हा या घटकाचा खरा हेतू आहे.

२. एक वाचन : 'धर्मा रामोशी'

व्यंकटेश माडगूळकर यांचे 'माणदेशी माणसं' हे पुस्तक १९४९ साली प्रसिद्ध झाले. काटेकोरपणे बोलायचे तर त्यातील लेखन व्यक्तिचित्रांचे आहे. परंतु पात्राचा अभ्यास करण्यासाठी ते कथेइतकेच उपयुक्त आहे. त्यातील 'धर्मा रामोशी' या व्यक्तिचित्राचा गाभा थोडक्यात असा : धर्मा हा दारिद्र्याने गांजलेला वृद्ध रामोशी. निवेदक त्याला एक धोतर देतो. पुढे ते धोतर धर्माच्या अंगावर दिसत नाही. दिसते ते त्याच्या मुलीच्या अंगावर.

प्रस्तुत लेखक ज्या कर्जत तालुक्यात (जि. अहिल्यानगर) अध्यापन करतो, त्या तालुक्याच्या दक्षिणेकडून भीमा वाहते. माडगूळकरांच्या मुलखातील माणगंगाही पुढे याच भीमेला मिळते. दोन्ही मुलूख अवर्षणाचे, ज्वारीचे, शेळ्यामेंढ्यांचे. त्यामुळे हे व्यक्तिचित्र इकडच्या विद्यार्थ्यांना परके वाटत नाही. तरीही एका रविवारच्या संपर्कसत्रात एका विद्यार्थिनीने त्यावर लिहून आणलेले पहिले वाक्य असे होते : 'लेखकाने ग्रामीण भागातील गरिबीचे हृदयस्पर्शी चित्रण केले आहे.' मिरजगाव रस्त्यावरच्या एका वस्तीवर राहणाऱ्या, लग्नानंतर बारा वर्षांनी पुन्हा शिकू लागलेल्या या ताई. त्यांच्या संपूर्ण उत्तरात त्यांचे स्वतःचे असे एकही वाक्य नव्हते.

त्यांना विचारले, "ताई, वाचताना तुम्ही कुठे थांबलात?"

त्या लगेच म्हणाल्या, "सर, धोतर पोरीच्या अंगावर दिसलं, तिथं."

"का थांबलात?"

थोडा वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "देणाऱ्याला दारातला माणूस दिसला. घरातलं बाईमाणूस नाही दिसलं." आणि लगोलग विचारले, "पण सर, हे उत्तरात लिहिलं तर चालंल का?"

विद्यार्थी मित्रहो, या एका वाक्यात जे आले आहे, ते 'हृदयस्पर्शी चित्रण' या शब्दांत कुठेच नाही. गरिबी हा या लेखनाचा विषय आहे, हे कोणीही सांगेल. ताईंनी त्यापुढचे पाहिले. मदत करणाऱ्याची नजर जिथपर्यंत पोहोचते, तिथे गरज संपत नाही. जो माणूस दारात उभा राहतो, बोलतो, मागतो, त्याची गरज दिसते. जी व्यक्ती अंगभर वस्त्र नसल्यामुळे दारातच येऊ शकत नाही, तिची गरज दिसत नाही. धर्माला ती ठाऊक आहे, म्हणून मिळालेल्या वस्त्राचा क्रम तो स्वतः ठरवतो. धोतर हे पुरुषाचे वस्त्र मुलीच्या अंगावर येणे, यातच त्या घराची सगळी अडचण आणि बापाचा सगळा विचार सामावला आहे.

ताईंच्या वाक्याची भाषाही लक्षात घ्या. 'दारातला माणूस' येथे 'माणूस' हा शब्द पुल्लिंगी आहे; 'घरातलं बाईमाणूस' येथे तोच शब्द नपुंसकलिंगी झाला आहे. आपल्या बोलीत स्त्रीविषयी बोलताना हे सहज घडते. बोलणारीने ते मुद्दाम केले नव्हते. पण तिच्या बोलीनेच त्या व्यक्तिचित्रातील अंतर नेमके पकडले. हे वाक्य उत्तरात लिहिले तर चालेल का, या प्रश्नाचे उत्तर उघड आहे. उत्तरात लिहायचे ते हेच.

३. विषय, तात्पर्य आणि आशयसूत्र

आता वरील उदाहरणावरून संज्ञा स्पष्ट करून घेऊ.

विषय म्हणजे कथा ज्या क्षेत्राविषयी बोलते ते क्षेत्र. तो बहुधा एका शब्दात सांगता येतो : गरिबी, जात, दुष्काळ, बेकारी. तात्पर्य म्हणजे कथेतून काढलेला उपदेश : 'लोभ धरू नये', 'परिश्रमाचे फळ गोड असते'. इसापनीतीसारख्या बोधकथांत तात्पर्याला स्थान आहे. आधुनिक कथेवर ते लादले की कथेचे नुकसान होते. आशयसूत्र या दोहोंपेक्षा वेगळे असते. कथेतील घटना, पात्रे आणि त्यांची मांडणी यांतून त्या विषयाविषयी जे एक विशिष्ट भान आकाराला येते, त्याला आशयसूत्र म्हणावे. विषय शब्दात मावतो; आशयसूत्रासाठी पूर्ण वाक्य लागते. म्हणून लिहिताना एक नियम पाळा : आशयसूत्र नेहमी क्रियापद असलेल्या पूर्ण वाक्यात लिहा. 'गरिबी' असे लिहून थांबू नका. गरिबी या कथेत काय करते, ते लिहा.

अण्णा भाऊ साठे यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा या दृष्टीने तपासू. वारणाकाठच्या गावातून पोटासाठी मुंबईला आलेला भीमा दगडाच्या खाणीत काम करतो. खाण बंद पडते आणि काम जाते. योगायोगाने त्याला चितेच्या राखेत सोने सापडते, आणि स्मशाने धुंडाळणे, प्रेते उकरणे हाच त्याचा रोजगार बनतो. एका रात्री प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात. ती बोटे तो कायमची गमावतो. आणि त्याच वेळी बंद पडलेली खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते.

या कथेवर 'लोभाचा परिणाम वाईट होतो' असे तात्पर्य लिहिणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. हे विधान कथेच्या कसोटीला लावून पाहा. भीमा लोभी असता तर खाणीत काम असतानाही तो स्मशानात गेला असता. कथा तसे सांगत नाही. आधी काम गेले आहे, मग स्मशान आले आहे. घटनांचा हा क्रम लेखकाने ठरवलेला आहे आणि तोच अर्थ घडवतो. शेवटच्या दोन घटनांचा क्रमही असाच पाहा. खाण आधी सुरू झाली असती तर भीमाची बोटे वाचली असती. आता खाण उघडली आहे, पण दगड फोडणारा हात पूर्वीचा राहिलेला नाही. मजुराचे एकमेव भांडवल म्हणजे त्याचे हात, आणि बेकारीने नेमके तेच खर्च करून टाकले. 'ज्या हातांना जगात काम मिळाले नाही, ते हात पोट भरण्यासाठी मेलेल्यांपाशी गेले आणि काम मिळण्याच्या वेळी निकामी झाले', असे आशयसूत्र मांडता येईल. ते एकमेव नव्हे. तुम्ही वेगळेही मांडू शकाल. मात्र त्याला कथेतील घटनांचा आणि त्यांच्या क्रमाचा आधार असला पाहिजे.

४. पात्र : बोलणे आणि न बोलणे

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली कादंबरीविषयीच्या व्याख्यानांत पात्रांचे दोन प्रकार सांगितले. एकाच गुणाभोवती उभे केलेले ते सपाट पात्र. विश्वसनीय रीतीने आपल्याला चकित करू शकणारे ते गोलाकार पात्र. ही विभागणी आपल्याकडील समीक्षेतही रूढ झाली आहे. तिचा उपयोग जरूर करा. पण 'भीमा हे गोलाकार पात्र आहे' एवढे लिहून काम संपत नाही. पात्र आपल्याला कोठे आणि कशामुळे चकित करते, ते दाखवावे लागते. ते दाखवण्याचे सर्वांत हाताशी असलेले साधन म्हणजे भाषा. पुढील तीन ठिकाणी ती तपासा.

(अ) शीर्षक. 'स्मशानातील सोनं' हे दोन शब्द नीट वाचा. 'स्मशानातील' हे रूप लेखी, प्रमाण भाषेतील आहे. बोलताना आपण '-तील' ऐवजी '-तलं' म्हणतो. 'सोनं' हे मात्र बोलण्यातील रूप. प्रमाण लेखनात 'सोने' लिहिले जाते. सगळेच प्रमाण भाषेत लिहायचे तर 'स्मशानातील सोने' असे झाले असते, सगळेच बोलीत लिहायचे तर 'मसणातलं सोनं' असे. शीर्षकात लिहिणाऱ्याची भाषा आणि पात्राची भाषा शेजारी शेजारी उभ्या आहेत. 'माणदेशी माणसं' या शीर्षकातही 'माणसे' नसून 'माणसं' आहे. पात्राचे बोलणे उच्चाराप्रमाणे लिहिण्यास प्रमाण लेखनाचे नियम मुभा देतात. येथे ते बोलणे पुस्तकाच्या मुखपृष्ठापर्यंत आले आहे. कोणाची भाषा लिहिण्यास योग्य मानायची, या प्रश्नावर या शीर्षकांनी घेतलेली ही भूमिकाच आहे.

(आ) क्रियापद. बाबुराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ साली प्रकाशित झाला. त्याच नावाच्या कथेत दलित निवेदक परगावी नोकरीसाठी जातो आणि आपली जात लपवतो. जात कळेपर्यंत त्याला मान मिळतो; जात कळल्यावर मारहाण होते. आता शीर्षकातील क्रियापद पाहा. 'लपवली' असे न म्हणता निवेदक 'चोरली' म्हणतो. चोरी दुसऱ्याच्या वस्तूची होते. जात तर त्याचीच. स्वतःचीच ओळख झाकणे हा गुन्हा ठरावा, अशी व्यवस्था किती आतपर्यंत पोहोचली आहे, हे त्या एका क्रियापदातून कळते. शिवाय मराठीत 'अंग चोरणे' असाही प्रयोग आहे : आपलेच शरीर आक्रसून घेणे. 'जात चोरणे' या शब्दांत चोरी आणि हे आक्रसणे, दोन्ही ऐकू येतात.

(इ) संबोधन आणि मौन. कथेत कोण कोणाला 'तू' म्हणते, कोण 'तुम्ही', कोण नुसत्या नावाने हाक मारते आणि कोण नात्याने, याची नोंद करा. ही संबोधने कथेच्या ओघात बदलली, तर पात्रांमधील संबंध बदलले आहेत असे समजा. आणि कोण बोलतच नाही, हेही पाहा. 'धर्मा रामोशी' वाचताना मुलीच्या वाट्याला किती शब्द आले आहेत, ते मोजा. तिच्याविषयी आपल्याला जे कळते, ते मुख्यतः तिच्या अंगावरील वस्त्रातून.

५. स्वानुभव : आधार आणि अडसर

आपल्याला एखादी कथा आवडते, तेव्हा तिच्यात आपल्या जगण्याचा काही अंश सापडलेला असतो. ग्रामीण कथेत 'जित्राब', 'कोरड्यास', 'वस्ती' असे शब्द आले की मार्गदर्शकात त्यांचे अर्थ शोधावे लागत नाहीत, ही तुमची जमेची बाजू आहे. दुष्काळाच्या वर्षी चारा छावणीत जनावरे नेलेल्या विद्यार्थ्याला अशा कथांतील कितीतरी गोष्टी न सांगता कळतात.

परंतु हाच अनुभव कधी कथेवर पसरतो आणि कथा त्याखाली दिसेनाशी होते. भास्कर चंदनशिव यांच्या 'लाल चिखल' या कथेत बाजारात टोमॅटोला भाव मिळत नाही, आणि शेतकरी बाप आपणच पिकवलेल्या टोमॅटोंचा पायाने चिखल करतो. मुलगा ते पाहतो. या कथेवर आमच्या एका विद्यार्थ्याने चार पाने लिहिली. त्यांतील तीन पाने कांद्याच्या भावावर होती : कोणत्या वर्षी काय दर मिळाला, वाहतुकीला किती गेले, पट्टी हातात पडली तेव्हा काय उरले. लिहिलेले सगळे खरे होते. त्याच्या घरचे होते. पण त्यात 'लाल चिखल' नव्हती.

त्याला एवढेच सुचवले : तुझ्या घरी कांदा मातीमोल झाला तेव्हा तू काय पाहिलेस, ते मनात ठेव, आणि आता या कथेतला मुलगा काय पाहतो, ते लिही. दुसऱ्या वेळी त्याने लिहिले : 'भाव पडणे हे नुकसान आहे, पण कथा तिथे संपत नाही. ज्या मालाला बापाने फुलासारखे जपले, त्याच मालावर तो पाय देतो. मुलाला त्या दिवशी भाव पडलेला दिसत नाही, बाप मोडलेला दिसतो.' हे तीन पानांपेक्षा मोलाचे आहे. कांद्याचा अनुभव नसता तर कदाचित हे सुचले नसते. मात्र आता अनुभव मागे उभा आहे आणि कथा पुढे आहे. हाच क्रम योग्य.

६. लेखनाची पद्धत

प्रत्यक्ष लिहिताना पुढील क्रम उपयोगी पडेल.

पहिल्या वाचनात काहीही टिपू नका. वाचून झाल्यावर पुस्तक मिटा आणि कोणता प्रसंग मनात राहिला, तो स्वतःच्या बोलीत एका वाक्यात लिहा. प्रमाण भाषेची घाई करू नका. ती नंतर करता येते, पण पहिली जाणीव निसटली की पुन्हा सापडत नाही.

दुसऱ्या वाचनात त्या प्रसंगापर्यंत लेखकाने आपल्याला कसे आणले, ते शोधा. कोणती माहिती आधी दिली आणि कोणती राखून ठेवली? निवेदक कोण आहे, आणि त्याला काय ठाऊक नाही?

त्यानंतर आशयसूत्र पूर्ण वाक्यात लिहा, आणि त्याच्या विरोधात जाणारा तपशील कथेत आहे का, ते मुद्दाम शोधा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. आपल्या ताईंनी दुसऱ्या खर्ड्यात 'निवेदकाला काहीच दिसत नाही' असे लिहिले होते. मग त्यांच्याच ध्यानात आले की हे सारे आपल्याला सांगतो आहे तो निवेदकच! ज्याला दिसले नव्हते, त्यानेच पुढे पाहिले आणि आपले न दिसणेही झाकून ठेवले नाही. त्यांनी वाक्य दुरुस्त केले : 'निवेदकाला उशिरा दिसते, आणि ते उशिरा दिसणेच तो आपल्याला सांगतो.' विरोधी तपशिलाने त्यांचे मत खोडले नाही. ते अधिक खोल केले.

शेवटी लेखन करा. गोष्ट चार-पाच वाक्यांत सांगून पुरे करा. प्रत्येक विधानाखाली कथेतील एक घटना, एक शब्द किंवा एक मौन आधार म्हणून ठेवा. ज्या विशेषणाला असा आधार देता येत नाही, ते खोडा.

७. समारोप

आवडलेल्या कथेविषयी लिहिणे म्हणजे तिची स्तुती करणे नव्हे, आणि ती पुन्हा सांगणेही नव्हे. आपण कोठे थांबलो, का थांबलो, आणि कथेतील कशाने आपल्याला थांबवले, याचा शोध घेणे म्हणजे चिंतन. त्यासाठी लागणाऱ्या संज्ञा अभ्यासक्रमाने तुम्हाला दिल्या आहेत. थांबण्याची जागा मात्र तुम्हालाच शोधावी लागेल. ती कोणत्याही मार्गदर्शकात छापलेली नसते. वस्तीवरच्या घरात, कामे उरकल्यावर, दिव्याखाली वाचताना तुम्हाला जे जाणवले, ते विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकेत लिहिण्याच्या योग्यतेचे आहे. त्याला कथेचा आधार द्या, आणि निःशंकपणे लिहा.

स्वाध्याय

१. विषय, तात्पर्य आणि आशयसूत्र यांतील फरक तुमच्या आवडीच्या एका कथेच्या आधारे स्पष्ट करा.
२. 'स्मशानातील सोनं' या कथेतील शेवटच्या दोन घटनांचा क्रम उलट असता तर आशयसूत्र कसे बदलले असते, ते लिहा.
३. अभ्यासक्रमातील कोणत्याही एका कथेतील संबोधनांची यादी करा. ती कोठे बदलतात आणि त्यामुळे पात्रांमधील संबंधांविषयी काय कळते, ते सांगा.
४. क्षेत्रीय कार्य : तुमच्या घरातील किंवा वस्तीवरील एका वडीलधाऱ्या व्यक्तीला एक कथा वाचून दाखवा. ती व्यक्ती कोठे थांबली, काय म्हणाली, ते तिच्याच शब्दांत टिपून घ्या. तुमच्या थांबण्याच्या जागेशी त्याची तुलना करा आणि दोनशे शब्दांत लिहा.